तरंगलं तर सॅल्यूट

जबलपुरात समुद्र नाही, हे मला माहीत आहे. इथेच जन्मले, इथेच शाळेत पोरांना गणित शिकवून निवृत्त झाले, समुद्र असता तर एवढ्या वर्षांत कुठेतरी दिसलाच असता. तरी मागच्या वर्षी जो भेटेल तो मला हेच समजावून सांगायचा. भाजीवाला, बँकेतली बाई, राइट टाउनातला आमचा दूधवाला, सगळे. शेवटी मी त्यांना म्हणायला लागले, "अगं बाई, नाही का? मला वाटलं सदर बाजाराच्या मागे आहे."

कारण एवढंच, की आमच्या इथल्या मराठी मंडळातली म्हातारी माणसं ग्वारीघाटावर, नर्मदेच्या अगदी काठाशी, नौदलाचं स्मारक उभारून राहिली होती. देश नुकताच प्रजासत्ताक झाला तेव्हा ह्या आडगावातून, समुद्राचं तोंडही न पाहिलेली जी पोरं नौदलात गेली, त्यांचं स्मारक. पोरं फार नव्हती. त्यातलं आता एकच उरलं होतं, आणि ते आमच्या पुढच्या खोलीत व्हीलचेअरवर बसून भिंतीकडे बघत होतं. ते म्हणजे माझे बाबा.

जबलपूर फौजेचं गाव. इथे प्रत्येक दुसऱ्या घरात कोणी सुभेदार, कोणी कर्नल. बाबा नौदलातून परत आले, रेल्वेच्या ऑफिसात लागले, पण ताठ चालायची सवय गेली नाही. त्यामुळे चौकातला पानवाला त्यांना जन्मभर "कर्नल साहब" म्हणत आला. बाबा दर वेळी थांबून सांगायचे, "भैया, फौज नहीं, नेव्ही." तो म्हणायचा, "जी कर्नल साहब." ह्यावरून बाबांनी पान सोडलं होतं, पण पानवाल्याशी भांडण सोडलं नव्हतं.

भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं होतं, पोहता येतं का? बाबा म्हणाले, "नर्मदेतलं येतं." एवढ्यावर घेतलं. जहाजं इंग्रजांची जुनी, तेल गळणारी, पण टोपी नवी, असं ते आम्हाला सांगायचे. टोपीवरचा इंग्रजांचा मुकुट निघून नुकतेच आपले सिंह आले होते. ती टोपी डोक्यावर ठेवली तेव्हा मान आपोआप सरळ झाली, म्हणायचे, आणि मग इतकी वर्षं ती तशीच राहिली. त्यांचं काम सिग्नलमनचं. दोन हातांत दोन झेंडे घेऊन एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निरोप द्यायचा. आम्ही लहान असताना गच्चीवरून ते हात हलवून आईला निरोप द्यायचे आणि आई खालून ओरडायची, "अहो, तोंडानं सांगा ना, भात लागून राहिला माझा!"

आईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लग्न झालं आणि हे निघाले जहाजावर. आई अठराएक वर्षांची असेल, तीही इथलीच. तिला समुद्राचं एवढंच ठाऊक होतं की आपली नर्मदा तिकडेच जाते, पश्चिमेला, आणि नवराही तिकडेच आहे. झालं. दर पौर्णिमेला ती ग्वारीघाटावर जायची आणि पानाच्या द्रोणात दिवा लावून सोडायची. मैया पोहोचवेल म्हणायची. बाबा सुट्टीवर आले की पहिला प्रश्न, "माझा दिवा पोहोचला का हो?" आणि बाबांचं ठरलेलं उत्तर, "अगं, भेडाघाटला धुआंधारात कधीच फुटला असेल!" धुआंधार म्हणजे नदी जिथे कड्यावरून खाली कोसळते ती जागा, ग्वारीघाटापासून काही फार लांब नाही. त्या धबधब्यातून हत्ती वाचायचा नाही, तर द्रोण कुठला वाचतो.

नोकरी सुटली, बाबा घरी आले, पण हा खेळ सुटला नाही. दर पौर्णिमेला आई दिवा सोडणार, घरी येऊन विचारणार, "पोहोचला का?" आणि बाबा पेपर खाली न करता म्हणणार, "धुआंधार." आम्ही भावंडं ह्याच्यावर मोठी झालो. शेवटच्या आजारात आई बोलेनाशी झाली होती, तरी एका पौर्णिमेला तिनं डोळ्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "धुआंधार." ती हसली. पुढची पौर्णिमा तिला दिसली नाही.

त्यानंतर बाबा खुर्चीत बसले ते उठेनात. आधी वाटलं थकले, मग वाटलं पायांचं काही आहे. डॉक्टरांनी तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय टणकन उडाला. मला बाहेर घेऊन म्हणाले, "दीदी, पैर एकदम ठीक हैं. बस खड़े नहीं होना चाहते." आता ह्याला औषध काय? मी ओरडून पाहिलं. लाडीगोडी लावून पाहिली. रडूनही पाहिलं, आणि मला रडता येत नाही, मी रडायला लागले की शिव्याच येतात. बाबा नुसतं म्हणायचे, "हो बेटा, उद्या." त्या उद्याची मला धडकी भरली होती. नव्वदी पार केलेला माणूस बसला की बसला. मला त्यांना उभं झालेलं पाहायचं होतं, बाकी कशाशी माझं देणंघेणं नव्हतं. स्मारकाचं खूळ मी काढलं ते ह्यासाठी. देशभक्ती वगैरे असेल, पण नंतर.

मंडळात दोन काका आहेत, दोघंही कारखान्यातून निवृत्त झालेले. एक गाड्यांच्या कारखान्यात होते, जिथे फौजेचे ट्रक बनतात. दुसरे तोफांच्या कारखान्यात. म्हणून आम्ही त्यांना ट्रककाका आणि तोफकाका म्हणतो. दोघं लहानपणापासूनचे दोस्त आणि तेव्हापासूनच भांडून राहिले आहेत. स्मारक म्हटल्यावर दोघांचे डोळे असे चमकले की मला वाटलं ह्यांचीच औषधं कमी होणार. चौथरा बांधायचा आणि त्यावर पत्र्याचं जहाज बसवायचं, असं ठरलं. घाटावर जागा मिळवायला किती चपला झिजल्या ते मी सांगत नाही, बीपी वाढतं. विजय नगरात ट्रककाकांच्या घरामागे शेड आहे. तिथे दोघांनी ठोकाठोकी सुरू केली, आणि शेजाऱ्यांनी तक्रारी.

जहाज तयार झालं म्हणून मी बाबांना दाखवायला नेलं. म्हणजे ऑटोत घातलं, खुर्ची मागे बांधली, आणि नेलं. शेडमध्ये पडदा सरकवला आणि मी दोन पावलं मागेच सरले. चांगलं ऑटोएवढं लांब धूड. पण समोरून पाहिलं तर थेट फौजेचा ट्रक! तसंच नाक, तशाच दोन डोळ्यांसारख्या बत्त्या, पुढे-मागे ओढून न्यायचे हूक. आणि ह्या ट्रकच्या डोक्यावर तोफकाकांनी बसवलेली तोफ, जहाजापेक्षा वीतभर लांबच.

बाबांनी खुर्ची जहाजाभोवती एकदा फिरवून घेतली. मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला धार आली.

"चाकं लावायची विसरले का?"

ट्रककाका गोरेमोरे झाले. म्हणाले, "भाऊ, मजबूत आहे. पन्नास वर्षं हालणार नाही."

"जहाज आहे ना? हालायला नको?" बाबा म्हणाले. "आणि ही तोफ उडवली तर जहाज मागे जाऊन पोरबंदरला लागेल. हे तरंगतं का?"

दोघं काका एकमेकांकडे बघायला लागले. चौथऱ्यावर सिमेंटात बसवायचं जहाज, ते कशाला तरंगायला पाहिजे? मी तसं म्हणालेही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मी तिसरीत नापास झाल्यासारखं वाटलं. "तरंगत नाही ते जहाज नाही, डबा आहे," म्हणाले. "तरंगलं तर येतो मी, उभा राहून सॅल्यूट करतो. नाही तरंगलं तर डब्याला मी सॅल्यूट करायचा नाही."

उभा राहून! मी ऐकलं. दोन्ही काकांनी ऐकलं. मग तोफकाकांनी एकदम मांडीवर थाप मारली. "बरोबर बोलले भाऊ! आमच्याकडे तोफ उडवून पाहिल्याशिवाय एक नग बाहेर जात नव्हता. चाचणी झाली पाहिजे. चाचणीशिवाय पास नाही!"

मग जे काही सुरू झालं, ना बाप्पा! रोज संध्याकाळी ट्रककाकांच्या घरून फोन. नाक कापलं. बत्त्या काढल्या. तोफ कापून आखूड करताना तोफकाका तिकडे तोंड करून उभे राहिले, त्यांच्यानं बघवेना. जुन्या टाकीत पाणी भरून छोटं-मोठं काय काय बुडवून पाहिलं, त्यात ट्रककाकांच्या सूनबाईंच्या पराती, पातेली सगळं सामील. बाबा खुर्चीत बसून फोनवरच हुकूम सोडत होते, "तळाला वजन द्या. वर हलकं करा. काहून घाई करून राहिले?" ते बोलून राहिले होते, जेवून राहिले होते, रागवून राहिले होते. फक्त उभे राहत नव्हते. मी दर वेळी त्यांच्या पायांकडे बघायची.

सव्वीस जानेवारीला सकाळी अनावरण ठरलं, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी घाटावर चाचणी. लोडिंग ऑटोतून जहाज निघालं. मागे आमचा ऑटो, पुढे तोफकाका स्कूटरवर हात दाखवत, जणू लग्नाची वरात आहे. एका चौकात एका बाईनं कौतुकानं विचारलं, "दुर्गा पूजा तो कब की हो गई, ये कौन सी झाँकी है?" बाबा ऑटोतून बाहेर डोकं काढून म्हणाले, "नेव्ही की!" ती म्हणाली, "अच्छा अच्छा," आणि जहाजाला हात जोडले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ग्वारीघाट संध्याकाळी कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आरतीची गर्दी, दिवे विकणाऱ्या पोरी, नदीच्या मधोमधच्या देवळाकडे जाणाऱ्या नावा. गर्दीच्या जरा बाजूला, पायऱ्यांच्या टोकाशी आम्ही जहाज उतरवलं. बाबांची खुर्ची वरच्या सपाट जागेवर, ब्रेक लावून, अंगावर शाल. खाली दोन्ही काका, हातात जाड दोर. चार जणांनी जहाज ढकललं. ते आधी तिरकं झालं. मग सरळ झालं, आणि, अहो, तरंगलं! चक्क तरंगलं! डौलात, जन्मभर तेच करत आल्यासारखं.

"पास!" तोफकाका किंचाळले. "पास! पास!" खिशातून खडू काढून पाण्यात वाकले आणि जहाजाच्या कडेला लिहून आले, पास. मी उड्या मारून राहिले होते, ह्या वयात, साडी नेसून. वर पाहिलं तर बाबांच्या तोंडावर हसू होतं. हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट. आता उठतात, मला वाटलं. आत्ता उठतात.

आणि तेवढ्यात शंख वाजला. आरती सुरू झाली.

आता तुम्हीच सांगा, नर्मदेच्या काठी आरती सुरू झाल्यावर माणूस काय करतो? हात जोडतो. आमच्या दोन्ही काकांनी जोडले. डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं. मीही जोडले होते, पण माझ्या हातात दोर नव्हता. ह्यांच्या होता. ट्रककाकांना वाटलं दुसऱ्यानं धरलाय, तोफकाकांना वाटलं पहिल्यानं धरलाय. डोळे उघडले तेव्हा दोर पाण्यात सळसळत जात होता, आणि जहाज त्याच्याही पुढे.

"तू काहून सोडला बे?"

"आरती सुरू झाली ना! हात काय खिशात ठेवू? तू काहून सोडला?"

"मग माझी आरती नाही का?"

तिकडे जहाज निघालं भेडाघाटच्या दिशेनं. हिवाळ्याची नदी, ओढ फार नाही, पण थांबतही नाही. आणि मग पुढची कमाल झाली. दीपदानाला आलेल्या नावा आजूबाजूला होत्या. त्यातल्या लोकांना वाटलं, कोणाचा तरी मोठा नवस फिटला, जहाज चढवलं मैयाला. झालं! एकीनं दिवा ठेवला त्याच्यावर. दुसरीनं ठेवला. फुलं पडली, नारळ पडला, कोणीतरी चुनरी टाकली ती नेमकी तोफेला अडकली. "नर्मदे हर! नर्मदे हर!" आमचं युद्धनौकेचं स्मारक दहा मिनिटांत देव होऊन धुआंधारकडे निघालं. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी तोंडात शिव्या येत होत्या. जहाज गेलं म्हणजे उद्याचं अनावरण गेलं, सॅल्यूट गेला, आणि बाबा त्या खुर्चीतून आता जन्मात उठायचे नाहीत.

मी धावत जाऊन एक नाववाला धरला. "भैया, वो जहाज पकड़ो! जल्दी!"

तो शांतपणे म्हणाला, "दीदी, वो तो मैया को चढ़ गया. चढ़ा हुआ वापस नहीं लाते."

"अरे चढ़ाया नहीं है, छूट गया है! टेस्टिंग चल रही थी!"

त्यानं तिकडे हनुवटीनं दाखवलं. "दिया जल रहा है ना उस पे? फिर? पाप किसको लगेगा, आपको कि मेरेको?"

मी आयुष्यभर वर्ग काबूत ठेवले, पण असला विद्यार्थी मला कधी भेटला नव्हता. दोन्ही काका पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे राहून अजून एकमेकांनाच शिव्या देत होते. मी बाबांना काय तोंड दाखवू म्हणून मागे वळले, आणि खुर्ची रिकामी.

शाल खाली पडलेली. खुर्ची रिकामी. पडले, मला वाटलं. नदीत पडले. मग उजवीकडे पायऱ्यांवर नजर गेली. बाबा खाली, शेवटच्या पायरीवर, घोटे पाण्यात, ताठ उभे होते. दोन्ही हातांत दोन गमछे, कोणाचे ओढून घेतले कोण जाणे, आणि ते गमछे घेऊन ते इशारे देत होते. उजवा हात वर, डावा आडवा. दोन्ही खाली. परत वर. जहाजाशेजारच्या एका नावेला ते खरोखर नौदलातला निरोप देऊन राहिले होते! त्या नाववाल्याला अर्थातच काही कळलं नाही. त्याला वाटलं म्हातारा मदतीला बोलावून राहिला, तो घाबरून वल्ही मारत इकडेच आला.

तो जवळ येताच बाबांचा आवाज निघाला. तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. सगळा घाट वळून बघायला लागला.

"वो चढ़ावा नहीं है! वो जहाज है! जहाज चढ़ाते नहीं, जहाज घर वापस आता है! समझे?"

नाववाला म्हणाला, "लेकिन बाबूजी, उस पे दिये..."

"दिये मैया के. उतार के पानी में छोड़ दो, एक भी बुझना नहीं चाहिए. जहाज मेरा. जाओ!"

"जी साहब," तो म्हणाला आणि गेला. माझा पाप-पुण्यवालाही त्याच्या मागे गेला. देवळाच्या जरा खाली दोघांनी जहाज गाठलं. एकेक दिवा उचलून हळूच पाण्यावर ठेवला, ते दिवे रांगेनं पुढे निघाले, आणि चुनरी लावलेलं आमचं जहाज दोराला धरून परत फिरलं. घाटावर टाळ्या, शिट्ट्या, नर्मदे हर. तोफकाकांनी ट्रककाकांना मिठी मारली आणि दोघं तोल जाऊन पाण्यात बसले. मी हसत सुटले, पोट धरून, आणि मग एकदम भानावर आले आणि बाबांवर ओरडले, "जानेवारीत पाण्यात पाय! न्यूमोनिया करायचा आहे का? वर या आधी!" ते आले. माझा हात न धरता, एकेक पायरी, चालत वर आले. आणि खुर्चीत बसले, दमले होते. मी मोजे बदलले आणि मान खाली घालून बराच वेळ मोजेच नीट करत राहिले.

रात्रभर मात्र मला झोप नाही. ते उठले ते घाबरून उठले असतील. एकदा. उद्या काय?

सकाळी जहाज चौथऱ्यावर बसलेलं होतं. चुनरी कोणी काढू देईना, म्हणून तिरंग्याशेजारी तीही राहिली. जबलपुरात नौदलाचा अधिकारी कुठून आणणार, म्हणून मुख्य पाहुणे फौजेतले एक निवृत्त साहेब होते. भला माणूस, आल्या आल्या म्हणाले, "आज मैं इनका जूनियर हूँ." बाबांना पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली होती. टोपी जुनी, ट्रंकेतली, पिवळी पडलेली, पण सिंह चकचकीत. आणि गर्दीत मागे कोण उभा? पानवाला! माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, कर्नल साहब तो सच में नेव्ही के निकले."

खुर्ची चौथऱ्यासमोर आणली. बाबांनी दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि उठले. कोणाची मदत नाही. दोरी ओढली, पडदा पडला, हात कपाळाशी गेला आणि तिथेच थांबला. जवळ उभे असलेल्या ट्रककाकांना हुंदका आवरेना, आणि तोफकाका त्यांना "चूप बे" म्हणता म्हणता स्वतःच रडले.

साहेबांनी माईक पुढे केला. "दो शब्द, सर."

बाबा माईकमध्ये म्हणाले, "दिया लाओ."

मी दिवे विकणाऱ्या पोरीकडून द्रोण आणला. बाबा माझा दंड धरून पायऱ्या उतरले. काडी वाऱ्यानं विझली, परत ओढली. दिवा पाण्यावर ठेवला आणि बोटानं जरासा ढकलला.

"पोहोचत होता गं," ते म्हणाले. माझ्याशी नाही. "मी आपलं उगाच धुआंधार, धुआंधार."

"कसा पोहोचत होता, बाबा?"

"दर पौर्णिमेला मी ड्युटी बदलून घ्यायचो. वर जहाजाच्या ब्रिजवर उभा राहायचो, नर्मदा जिकडून समुद्रात उतरते तिकडे तोंड करून. पोरं विचारायची, काय बघून राहिला बे? मी म्हणायचो, काही नाही. ती इकडे सोडायची, मी तिकडे उभा असायचो. मग पोहोचतच होता ना तो?"

"मग आईला का नाही सांगितलं? जन्मभर विचारत होती ती!"

बाबा दिव्याकडे बघत होते. तो देवळाच्या पलीकडे गेला होता, पण अजून दिसत होता.

"सांगितलं असतं तर तिनं विचारणं सोडलं असतं," ते म्हणाले. "मला ती विचारायची ते आवडायचं."

दिवा दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहिले. वर लाऊडस्पीकरवर राष्ट्रगीताची घोषणा झाली तेव्हा वळून पुन्हा ताठ झाले. ते संपल्यावर मी धावत वर गेले आणि खुर्ची पायऱ्यांशी आणून ठेवली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू बस त्यात," म्हणाले. "तुझे पाय लटपटून राहिले."

खरंच लटपटत होते. मी बसले.